स्ट्रॉबेरी सुकली होती, मग बरणीत बुरशी आली कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. महाबळेश्वरहून २ किलो स्ट्रॉबेरी आणली, एकेकीचे दोन तुकडे केले आणि ओटीजीत १०० अंशांवर दार बंद करून साडेचार तास ठेवली. कडा काळवंडल्या, वरून हाताला पापडासारखी कडक लागली, म्हणून गरम गरमच बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. आठवडाभर मजेत खाल्ली. दहाव्या दिवशी चिकट लागायला लागली आणि बाराव्या दिवशी पांढरी लव दिसली. आता पुढच्या वेळी गोरेगावच्या अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत उन्हात वाळवू का, की सरळ डीहायड्रेटर, म्हणजे फळं सुकवायचं मशीन, घेऊ, आणि सुकलेली बेरी लेकीच्या मुसलीत आणि दिवाळीच्या चिवड्यात चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या बरणीचं. ती सगळी टाका. वरचे चार तुकडे काढून बाकीचे उन्हात घालायचा मोह होईल, २ किलोचे पैसे आठवतील, तरी टाका. बुरशी आपल्याला दिसते तेवढीच नसते, तिचे धागे शेजारच्या तुकड्यात केव्हाच उतरलेले असतात आणि ऊन दाखवून ते जात नाहीत. बरणी गरम पाण्याने साबण लावून धुवा. झाकणाचं रबर काढून वेगळं धुवा, बुरशी तिथेच दडून बसते.

तुम्हाला वाटतंय की उष्णता कमी पडली. माझ्या मते ती जास्त झाली. मोठ्या आचेवर भजी तळली की वरून झटकन तांबूस होतात आणि आत पीठ कच्चंच राहतं, तसंच हे. १०० अंशांवर तुकड्याचा बाहेरचा थर आतल्याआधीच सुकून आवळला, त्याची साल झाली, आणि आतलं पाणी त्या सालीमागे कोंडलं गेलं. हाताला लागला तो कडकपणा बाहेरचा होता. बरणीत गेल्यावर आतलं पाणी सावकाश बाहेर पसरलं, म्हणून दहाव्या दिवशी चिकट लागलं. त्यात गरम माल झाकणाखाली गेल्यामुळे वाफ काचेला धरली आणि थेंब परत फळावर पडले. बुरशीला एवढं पुरतं.

मी मुलुंडच्या घरातून चौदा वर्षं सुकी फळं करून विकते आहे, त्यामुळे यातल्या बहुतेक चुका माझ्या हातून पूर्वीच झालेल्या आहेत. एक गोष्ट मला उशिरा कळली. फळ सुकतं ते भाजून नाही, वाऱ्याने. उष्णतेचं काम इतकंच की हवेची तहान वाढवायची. आपल्याकडची ३० अंशांची, ७५ टक्के दमट हवा घ्या. तीच हवा ५७ अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातली बाष्पाची मात्रा तीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढं बाष्प धरू शकते त्यातला भरलेला हिस्सा, १८ टक्क्यांच्या आसपास येते. पावसाळ्यातली ९० टक्क्यांची हवासुद्धा तापवली की साधारण २० टक्क्यांवर उतरते. म्हणजे मुंबईची हवा दमट आहे हे फळ सुकवताना फारसं आड येत नाही, पण एका अटीवर: तापलेली हवा फळावरून सतत वाहत राहिली पाहिजे आणि पाणी पिऊन झालं की बाहेर गेली पाहिजे. दार बंद केलेल्या ओटीजीत ती जाणार कुठे? तुमची स्ट्रॉबेरी पहिले दोन तास स्वतःच्याच वाफेत बसली होती.

माझं तापमान ५५ ते ६०. याहून खाली, ४०-४५ वर, दमट हवेत इतका वेळ लागतो की मधेच फळ आंबायला लागतं आणि ट्रेला ताडीसारखा वास येतो.

आता उन्हाचं. माझं माहेर मालवणकडचं, आईची आमसुलं अंगणातच वाळायची, त्यामुळे उन्हाबद्दल मला प्रेम आहे. पण आमसूल का टिकतं ते बघा. कोकमाचं सालपट पातळ, मुळात आंबट, आणि ते मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. मीठ आणि आंबटपणा दोघं मिळून राखण करतात. स्ट्रॉबेरीत जवळजवळ ९१ टक्के पाणी, मीठ शून्य, आंबटपणा बेताचा. तिला उन्हात सुकवायचं तर हवा ३० अंशांच्या वर आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली सलग दोन-तीन दिवस मिळायला हवी. मुंबईत तशा दुपारी मिळतात, जानेवारी-फेब्रुवारीत, जमिनीवरून कोरडा वारा येतो तेव्हा. पण सकाळी दव असतं, आणि दिवसभर घालवलेलं पाणी फळ रात्री थोडंफार परत घेतं. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक दिसतं, ते फसवं आहे. दुपारी समुद्रावरचा खारा, दमट वारा सुटला की ट्रेवरचं काही नीट वाळत नाही. आणि अकराव्या मजल्यावर कबुतरं येतात. कुरडया, पापड आपण तळून किंवा भाजून खातो, स्ट्रॉबेरी तशीच तोंडात जाते. कबुतरांच्या गॅलरीत वाळवलेलं तसंच खायला मी कुणाला सांगणार नाही.

तुमची गॅलरी पश्चिमेला आहे की पूर्वेला, वारा किती, जाळी लावलेली आहे का, यावर थोडा फरक पडेल. फेब्रुवारीत जाळीबंद, वाऱ्याच्या गॅलरीत तुती मी स्वतः वाळवली आहे. पण रोज संध्याकाळी घरात घेऊन, आणि शेवटचे दोन तास मशीनमध्ये घालूनच.

मशीन घ्यावं का? वर्षाला २ किलो करणार असाल तर नको. ओटीजीच वापरा, पण वेगळ्या तऱ्हेने. आधी त्याचं सगळ्यात कमी तापमान बघा. बऱ्याच ओटीजींचा काटा १०० च्या खाली जात नाही, काहींचा ६० पर्यंत जातो. पंख्याची सोय असेल तर ती चालू करा. दारात लाकडी कालथ्याची दांडी अडकवून दोन-तीन बोटं फट ठेवा. याने वाफ बाहेर जाते आणि आतली उष्णताही उतरते. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक स्वस्तात मिळतो, तो आत ठेवून प्रत्यक्ष किती अंश आहेत ते वाचा, काट्यावर भरवसा ठेवू नका. फटीनेही ७० च्या खाली येत नसेल तर अर्धा तास चालू, पंधरा मिनिटं बंद असं करावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण होतं. दार उघडं असताना लहान मुलं आणि मांजर स्वयंपाकघराबाहेर. तुमच्या एअर फ्रायरला सुकवण्याचं बटण असेल तर तेही चालेल, फक्त जागा इतकी थोडी की एका वेळी २५० ग्रॅमच्या वर घालू नका.

दर मोसमात पाच-सात किलो करायची असेल तर मात्र डीहायड्रेटर घ्या. घेताना पंखा मागे असलेला, म्हणजे हवा सगळ्या ट्रेंवरून आडवी वाहते असा बघा. तळाशी पंखा असलेल्यांत खालचा ट्रे आधी वाळतो आणि वरचा ओला राहतो, दर दोन तासांनी ट्रे बदलत बसावं लागतं. विजेची धास्ती घेऊ नका: ३५० वॉटचं मशीन दहा तास पूर्ण ताकदीने चाललं तरी साडेतीन युनिट.

तयारी. धुवायची ती कापायच्या अगदी आधी, वाहत्या पाण्याखाली, देठासकट. देठ आधी काढला तर पाणी आत शिरतं. मग सुती पंचावर पसरून कोरडी करायची. डागाळलेली, दबलेली फळं जॅमला. मुंबईत खोक्यातला माल घेत असाल तर खालचा थर बघून घ्या, बहुतेक वेळा वरचा थर नवरदेव आणि खाली वरात. मोसम संपता संपता, मार्चमध्ये, लहान फळं स्वस्त होतात आणि सुकवायला तीच बरी.

कापण्यात तुमची दुसरी चूक झाली. स्ट्रॉबेरीचे दोन तुकडे म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर जाडी. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट होऊन थांबत नाही, चौपटीकडे जातो, कारण आतल्या पाण्याला बाहेर यायला वाटही लांब आणि पाणीही जास्त. ६-७ मिलिमीटरच्या चकत्या करा, सगळ्या सारख्या. माझ्या मशीनमध्ये अशा चकत्यांना ५७ अंशांवर ८ ते १२ तास लागतात. एवढं अंतर का, तर फळ किती पाणीदार, ट्रे किती भरलाय, बाहेर पाऊस आहे का, यावर ते अवलंबून. चकत्या एकमेकींना चिकटू देऊ नका आणि चार तासांनी एकदा उलटा. ट्रे स्टीलचा किंवा खाण्यायोग्य प्लास्टिकच्या जाळीचा. आंबट फळ ॲल्युमिनियमवर तासन्‌तास ठेवू नये, चव धातूची येते. रंग लाल राहावा असं वाटत असेल तर लिंबाचा रस आणि पाणी समसमान घेऊन त्यात दहा मिनिटं बुडवून निथळा. मी विकायच्या मालाला करते, घरच्याला करत नाही. थोडी काळसर झालेली स्ट्रॉबेरी चवीला तितकीच चांगली असते.

सुकली हे ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न होता आणि तो तुम्ही विचारला नाहीत. गरम असताना कधीच ठरवू नका. गरम फळ मऊ लागतं आणि आपण उगाच ताणतो, किंवा तुमच्यासारखं वरची साल कडक लागते आणि आपण फसतो. पाच-सहा चकत्या बाहेर काढा, दहा मिनिटं निववा, मग एक मधोमध फाडा. फाडलेल्या जागी ओल चमकता कामा नये, दाबलं तर बोटाला रस लागता कामा नये. चिवट, चामट लागली तर झाली. मोडताना कट्‌कन आवाज आला तर आणखी चांगलं.

याहून खात्रीचा उपाय वजनकाटा. देठ काढलेल्या १ किलो चकत्यांत घन भाग ९० ग्रॅमच्या आसपास, बाकी पाणी. म्हणजे ट्रेवरच्या मालाचं वजन ११० ग्रॅमवर आलं तर त्यात साधारण १८ टक्के पाणी उरलं. १०० वर आलं तर १० टक्के. मी मुंबईत १०० ते १०५ वर थांबते. तुमच्या २ किलोचे देठ जाऊन १८५० ग्रॅम उरले असं धरलं तर शेवटी २०० ग्रॅमच्या आतच माल हातात यायला हवा होता. किती आला होता ते आठवतंय का? बरणी भरून आली असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला वाटतं ३५०-४०० ग्रॅम असेल. ४०० असेल तर त्यात अर्ध्याहून जास्त पाणीच होतं.

सुकवून झालं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे सादळू न देणं, आणि मुंबईत हेच अवघड आहे. फळ पंख्याखाली अर्धा-पाऊण तास निववायचं, जास्त नाही. रात्रभर ताटात ठेवलेली चकती सकाळी पावसाळ्यातल्या पापडासारखी वाकते. घरात एसी असेल तर निववणं आणि भरणं त्याच खोलीत करा, एसीची हवा कोरडी असते. मग काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरा आणि सात ते दहा दिवस रोज एकदा हलवा. काही चकत्या जास्त सुकलेल्या असतात, काही कमी. या दिवसांत ओल आपापसांत वाटली जाते. काचेच्या आत एक थेंब जरी दिसला, किंवा चकत्या गठ्ठा होऊन एकत्र हलू लागल्या, तर सगळं परत ट्रेवर. तुम्ही हे केलं असतं तर तिसऱ्या दिवशीच कळलं असतं आणि माल वाचला असता.

त्यानंतर मोठी बरणी नको, लहान लहान बाटल्या. हा धडा मी महागात शिकले. सुरुवातीच्या एका वर्षी तीन किलो सुकी स्ट्रॉबेरी एकाच मोठ्या बरणीत ठेवली होती, आणि गणपतीच्या दिवसांत गिऱ्हाईक आलं की झाकण उघडायची, शंभर ग्रॅम काढायची, लावायची. दिवसातून आठ-दहा वेळा. महिनाअखेर तळातला माल गोळा झाला होता. सगळा टाकला, आणि ज्यांना वरचा विकला होता त्यांना फोन करून परत घेतला. आता मी पन्नास-पन्नास ग्रॅमच्या बाटल्या करते, प्रत्येकीत खाण्याच्या डब्यांसाठीची सिलिका जेलची एक पुडी, आणि मे संपायच्या आत सगळ्या फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधून काढलेली बाटली बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर दव आत धरतं. उन्हात वाळवलेला माल असेल तर आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवाच, किड्यांची अंडी असली तर मरतात.

बाकीच्या बेऱ्यांबद्दल थोडक्यात. तुती अख्खी सुकते, हिरवं देठ राहिलं तरी चालतं, फक्त ओटा आणि बोटं आठवडाभर जांभळी. ब्लूबेरीवर मेणाचा थर असतो, ती तशीच ठेवली तर वीस तासांनीही फुगलेलीच दिसते. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, साल तडकते आणि मग वाट मोकळी होते. करवंदं दोन भाग करून, बिया काढून सुकवता येतात, पण चिकामुळे सुरी आणि जीव दोन्ही चिकटतात. मी एकदाच केली. जांभूळ आणि रासबेरी सुकवायच्या फंदात पडू नका, एकात बीच जास्त आणि दुसरी ट्रेवर विरघळते. त्यांची आंबापोळीसारखी पोळी घाला: गर गाळून, गोड करून, तीन-चार मिलिमीटर जाड पसरून, त्याच ५७-६० अंशांवर. दबलेल्या स्ट्रॉबेरीचीही उत्तम होते.

आणि एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून ठेवते. दुकानात मिळणारी मऊ, गोड, लालभडक सुकी स्ट्रॉबेरी घरी होणार नाही, कारण ती बहुतेक वेळा आधी साखरेच्या पाकात मुरवलेली असते. क्रॅनबेरीचंही तेच. घरची चामट आणि आंबटगोड होते. तशी हवीच असेल तर १ किलो चकत्यांना ४०० ग्रॅम साखर लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी निथळून मग सुकवा. साखर बरंच पाणी आधीच ओढून घेते, वेळही वाचतो. मात्र वर दिलेला वजनाचा हिशोब इथे लागू नाही, कारण साखर आत गेलेली असते. इथे चकती फाडूनच बघायचं. खाली उरलेला पाक फेकू नका, लिंबू पिळून सरबत करा. अशा मालावर महिनाभराने कधी पांढरे कण दिसतात आणि लोक घाबरून फोन करतात. पाण्याचा थेंब टाकून बघा: कण विरघळले आणि खाली कोरडं खरखरीत होतं, तर साखर. लव असेल, बोटाला मऊ लागेल किंवा कुबट वास येईल, तर बुरशी. शंका राहिली तर टाका.

राहिला तुमचा चिवडा. त्यात सुकी बेरी आधीपासून मिसळून ठेवू नका. चामट चकतीत दहा-पंधरा टक्के पाणी असतंच, कुरकुरीत पोह्यांत जवळपास नसतंच, आणि एका डब्यात ठेवले की ते पाणी पोह्यांकडे जातं. दोन दिवसांत चिवडा मऊ आणि बेरी दगड. लेकीच्या मुसलीलाही हेच लागू, वाटीत घेताना वरून घाला. माझ्या घरी सगळ्यात जास्त संपते ती पूड: कट्‌कन मोडणाऱ्या चकत्या थोड्या पिठीसाखरेबरोबर मिक्सरमधून थांबून थांबून काढायच्या. अर्धा किलो चक्क्याच्या श्रीखंडाला दोन मोठे चमचे पुरतात, आणि घालायची ती वाढायच्या तासभर आधी. रंग उतरायला तेवढा वेळ लागतो.